भगवानदादांचे पाऊल

'अलबेला' (१९५१) हा संगीतमय विनोदी चित्रपट भगवानदादांचा. निर्माते तेच, दिग्दर्शक तेच आणि नायकही तेच. दाटीवाटीच्या घरातला प्यारेलाल नाटकाच्या वेडापायी घर सोडतो आणि गीता बालीने रंगवलेल्या नटीच्या साथीने नामांकित नट होतो. उत्तरार्धात कौटुंबिक रडारड बरीच आहे. ती सोसली की बाकी सगळी चंगळ.

या चंगळीत सी. रामचंद्रांचा वाटा मोठा. पुणतांब्याच्या या रामचंद्र चितळकरांनी संगीत तर दिलेच, शिवाय लता मंगेशकरांच्या जोडीने नायकाची गाणीही गायली. वाद्यवृंदाला झळाळी आणली ती मुंबईतल्या हॉटेलांत आणि नाइटक्लबांत जाझ वाजवणाऱ्या गोमंतकीय वादकांनी. दारूबंदीने क्लबांची रया गेली तशी नोटेशन वाचून वाजवणारी ही मंडळी स्टुडिओंकडे अधिकच वळली. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, हा सी. रामचंद्रांचा सहायक. 'दीवाना परवाना' या गाण्यात तो झालरींचा पोशाख केलेल्या आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो.

या ठेक्यावर भगवानदादा जे नाचले त्याला नृत्य म्हणावे का, असा प्रश्न शास्त्रीवृत्तीच्या माणसाला पडेल. ठेंगणा, पैलवानी देह. पाय जमिनीवरून जेमतेम उचललेले, हात कोपरात वाकवून डुलणारे, खांदे तालात आणि चेहऱ्यावर खट्याळ हसू. गिरकी नाही, उडी नाही. नाचता न येणाऱ्यालाही ते जमते, म्हणून ते गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत सहज शिरले.

गिरणी कामगाराचा हा मुलगा स्वतःही गिरणीत राबलेला आणि स्टंटपटांत घडलेला. 'अलबेला'ने त्याला जुहूचा बंगला आणि मोटारी दिल्या. 'झमेला' (१९५३) आणि पुढे 'लाबेला' काढून तो चमत्कार पुन्हा घडवायचा प्रयत्न झाला, पण साधला नाही. बंगला गेला, मोटारी गेल्या, मुक्काम पुन्हा दादरच्या चाळीत आला. उतरत्या काळात किरकोळ भूमिका मिळत. एखाद्या गाण्याच्या गर्दीत हेच पाऊल टाकायला त्यांना उभे केले जाई. एकेकाळच्या निर्मात्याची उपजीविका आता त्या चार ठेक्यांवर होती.

भगवानदादा २००२ मध्ये दादरलाच वारले. २०१६ च्या 'एक अलबेला' या मराठी चित्रपटात मंगेश देसाई भगवानदादा झाले आणि विद्या बालन गीता बाली.