सव्वातीन फूट

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. मिरज

आज मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला. सकाळी पेटी काढली आणि गुरुजींची आठवण काढून दोन नाट्यपदं वाजवली. गुरुजी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. ऑर्गनचा भाता पायांनी चालतो. मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला आणि दोन्ही पायांतलं बळ गेलं, त्यामुळे ते वाद्य माझं नव्हतंच. तरी अकरा वर्षांची असताना गुरुजींनी मला एकदा ऑर्गनपुढे बसवलं, स्वतः जमिनीवर बसले आणि दोन्ही हातांनी भाता चालवत म्हणाले, ‘वाजव तू.’ अर्धा तास ते घामाघूम होऊन तसेच बसले होते. मला काय जमत नाही यावर त्या अर्ध्या तासात एक शब्द बोलले नाहीत. मध्यमावर बोट उशिरा पडतंय, एवढंच सांगितलं.

दुपारी शेजारच्या तालुक्याच्या गावाहून फोन आला. ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाचा कार्यक्रम आहे. माझी पेटी, माझ्या शिष्याचं गाणं, वीस मिनिटं. मी विचारलं, ‘मंचावर यायला उतार आहे का?’

‘त्याची काळजी सोडा ताई. आमची चार पोरं आहेत, खुर्चीसकट अलगद उचलून वर ठेवतील.’

बोलण्यात आपुलकी होती. मी म्हटलं, दोन दिवसांत कळवते.

६ नोव्हेंबर

रात्रभर १९९६ डोळ्यांसमोर होतं. तेव्हा मी कॅलिपर आणि कुबड्यांवर चालायचे. मोठं सभागृह, मोठे गायक, त्यांना माझी साथ. मंचाला एका बाजूने अरुंद जिना, त्याला कठडा नाही. पडदा वर गेलेला, लोक बसलेले, आणि दोघा अनोळखी माणसांनी काखेत हात घालून मला वर उचललं. साडीचा काठ कॅलिपरच्या चापात अडकला. पदर सावरायला हात मोकळे नव्हते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी अजून एक सूरही लावला नव्हता.

त्या दिवशी पेटी छान लागली होती. गायकांनी नंतर पाठ थोपटली. घरी येऊन मी आईला त्यातलं काहीच सांगितलं नाही, फक्त साडी फाटली म्हणाले.

आज फोन करून कळवलं: येईन, पण उचलून घेणार नाही. खुर्ची चाकांवर वर येईल अशी वाट हवी. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ‘बघतो’ म्हणाले.

९ नोव्हेंबर, शनिवार

वर्तमानपत्र दोनदा वाचलं. काल सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल दिला. रतुरी स्वतः दृष्टिहीन. याचिका २००५ सालची. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचा काल न्यायालयातला शेवटचा दिवस होता, त्या दिवशीचा हा निकाल. इमारती, रस्ते, वाहनं सगळ्यांना वापरता आली पाहिजेत याचे नियम २०१७ साली झाले होते, पण ते शिफारशीसारखे होते, पाळले तर पाळले. न्यायालय म्हणतं, कायदा सक्तीचा आहे तर त्याखालचा नियम ऐच्छिक असून चालणार नाही. केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक निकष ठरवायला सांगितलं आहे.

कपाटातून २०१६च्या कायद्याची प्रत काढली. नोकरीतल्या चार टक्क्यांचं कलम सगळ्यांना ठाऊक असतं. कलम २९ फारसं कोणी वाचत नाही. ते सांस्कृतिक जीवनाबद्दल आहे. अपंग कलावंत आणि लेखक यांना आपली कला पुढे नेता यावी म्हणून सोयी, आधार आणि पाठबळ द्यायची जबाबदारी त्यात सरकारांवर टाकली आहे. आमच्याकडे सभागृह बांधताना अपंग माणूस आलाच तर प्रेक्षक म्हणून येईल, असं धरलेलं असतं. म्हणून उतार असलाच तर प्रवेशदारापर्यंत असतो. मंचाकडे जाणारी वाट बांधायची तर आधी तिथे कोणी गाणारा, नाचणारा, वाजवणारा आमच्यातला असेल असं मनात यावं लागतं.

१२ नोव्हेंबर

भाचा रिक्षा घेऊन आला, सभागृह बघून आलो. सोबत टेप नेली होती. मंचाची उंची एकोणचाळीस इंच, म्हणजे सव्वातीन फूट. डावीकडे सहा पायऱ्या, प्रत्येक साडेसहा इंचांची.

खुर्चीच्या उताराचं गणित सोपं आहे. एक इंच उंचीला एक फूट लांबी. त्याहून उभा केला तर हातांनी चाकं ढकलत वर जाता येत नाही, आणि उतरताना खुर्ची पळते. एकोणचाळीस इंचांना एकोणचाळीस फूट. प्रेक्षागृहात तेवढी जागा नाही, पहिल्या तीन रांगा काढाव्या लागतील. व्यवस्थापक खरोखर ओशाळले.

मग मी म्हटलं, मागची बाजू दाखवा. नाटकाचा टेंपो लागतो ती. मागचं दार आठ फूट रुंद निघालं. सेट, पेटारे, लेव्हल, सगळं तिथून आत येतं. आणि मागच्या बोळाची जमीन पुढच्यापेक्षा बरीच उंच आहे. भाच्याने टेप धरली: दारापाशी मंच जमिनीपासून फक्त अठरा इंच वर. म्हणजे अठरा फूट. बोळात अठरा फूट आरामात बसतात.

राजवाड्याचा सेट आत नेण्यासाठी वाट तिथे पहिल्यापासून होती. तिची पुढची अठरा फुटं कोणी घातली नव्हती.

१७ नोव्हेंबर, रविवार

शिष्य सकाळी आठला आला. बावीस वर्षांचा, जन्मापासून दृष्टी नाही. बंदिशी ब्रेलमध्ये लिहून ठेवतो. पाटीत जाड कागद अडकवून, टोचणीने उजवीकडून डावीकडे, कारण टिंबं उमटतात ती कागदाच्या मागच्या बाजूला. पान उलटलं की बोटं डावीकडून उजवीकडे वाचत जातात. अंतऱ्याची तान तो लिहीत होता तेव्हा त्या टकटकीतही मला ताल ऐकू येत होता.

कार्यक्रम दुपारी चारचा, म्हणून भीमपलास घेतोय. काळी एक. विलंबित त्याला आवडतं, पण वीस मिनिटांत विलंबित आणि द्रुत दोन्ही बसवायचं तर आलाप आटोपशीर हवा. तिसऱ्या आवर्तनात कोमल निषाद जरा चढा लागत होता. सात वेळा घेतला तेव्हा जागेवर आला.

चहाला बसलो तेव्हा म्हणाला, ‘ताई, मंचाची कड कुठे आहे ते माझ्या पायाला कळलं पाहिजे. मागच्या वेळी संयोजकांनी दंड धरून मला फरपटत नेलं. मी त्यांचा कोपर धरला असता तर अर्धं पाऊल मागून नीट चाललो असतो.’ ठरलं: सतरंजीखाली, कडेच्या तीन फूट अलीकडे, जाड सुंभ चिकटपट्टीने बसवायचा. पायाखाली उंचवटा लागला की थांबायचं. सुंभाला साठ रुपये लागले.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. घरून मत द्यायची सोय होती, १२-डी अर्ज भरला असता तर माणसं दारात आली असती. मला केंद्रावर जायचं होतं. शाळेच्या पायरीला लाकडी उतार केलेला, आत जाऊन स्वतः बटण दाबलं. यंत्रावर उमेदवारांच्या क्रमांकांची ब्रेल खूण असते, शिष्याने ती वाचून मत दिलं आणि मला फोन करून सांगितलं. त्याचं हे पहिलंच मतदान.

२६ नोव्हेंबर

निवेदन लिहून आलं. नियती, जिद्द, अंधार, प्रकाश, पाय नसतानाही गगनभरारी. वाचता वाचता घसा दाटला, रागाने नव्हे. लिहिणाऱ्या मुलीने मनापासून लिहिलं आहे आणि तिला कोणी वेगळं शिकवलेलं नाही.

तिला फोन केला. विष्णू दिगंबर पलुस्करांबद्दल सांगितलं. जन्म कुरुंदवाडचा, इथून जवळच. लहानपणी फटाक्याने डोळे भाजले, शाळा सुटली, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला पाठवलं. त्याच मुलाने पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्याबद्दल बोलताना आपण डोळ्यांपासून सुरुवात करतो का? गाणं शिकवायची रीत त्यांनी कशी बदलली, ते सांगतो.

ती म्हणाली, ‘मग काय लिहू ताई?’ मी सांगितलं: गुरू कोण, तालीम किती वर्षं, कोणाकोणाला साथ केली, आज कोणता राग. शिष्याचंही तसंच. अपंगत्व लपवायचं कारण नाही. लोकांना खुर्ची दिसतेच, आणि खुर्चीची मला लाज वाटत नाही. नसीमा हुरजूक यांनी तर ‘चाकाची खुर्ची’ असं आत्मचरित्राचंच नाव ठेवलं आणि कोल्हापुरात आमच्यासारख्यांसाठी केवढं काम उभं केलं. पण मला टाळी हवी ती भीमपलासाला.

थोड्या वेळाने तिने नवीन मजकूर पाठवला. स्वच्छ, नेमका. सप्टेंबरात पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये आपल्या आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारीने गोळाफेकीत रौप्य घेतलं तेव्हा आधी आकडा छापून यायला हवा होता, १६.३२ मीटर. त्या मुलीने आज माझा आकडा पहिल्या ओळीत घातला: छत्तीस वर्षं साथ.

३० नोव्हेंबर

नेपथ्य करणाऱ्या सुतारकाकांनी उतार केला. अठरा मिलिमीटरचं प्लाय, खाली सागाची चौकट, चार फूट रुंदी, दोन्ही कडांना तीन इंचांची पट्टी, म्हणजे चाक बाहेर जाणार नाही. वर गेल्यावर खुर्ची वळवायला सपाट जागा. तीन तुकडे, बोल्टने जोडायचे. काकांनी स्वतः माझ्या रिकाम्या खुर्चीत बसून तीनदा वर जाऊन पाहिलं. दुसऱ्या सांध्याला चाक अडखळलं, तो तिथल्या तिथे रंधून सपाट केला. मजुरी घेतली, लाकडाचे पैसे घेतले नाहीत.

३ डिसेंबर, मंगळवार

पावणेचारला मागच्या बोळात पोहोचलो. चार तरुण मुलं तिथेच उभी होती, मला उचलायला नेमलेली. त्यांना म्हटलं, माझी पेटी आणि तंबोरा न्या, तंबोऱ्याचा भोपळा जपा. मग दोन्ही हात चाकांवर ठेवले. अठरा फूट. खांदे भरून आले. विंगेत पोहोचले तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही, कारण कोणाचं लक्षच नव्हतं. ध्वनीवाले तारा ओढत होते, तबलजी हातोडीने गट्टे ठोकत होता. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा मी इतर कलाकारांसारखी विंगेत बसून पडद्याची वाट पाहिली.

शिष्य तबलजीचा कोपर धरून आला, सुंभावर पाय पडताच थांबला, बसला. निषाद नेमका लागला. द्रुतमध्ये एक तिहाई त्याने घरी कधी घेतली नव्हती ती घेतली आणि समेवर आला, तेव्हा पुढच्या रांगेतून आपसूक ‘वा’ आली. ती दाद गाण्याची होती.

खाली प्रेक्षागृहात सात-आठ खुर्च्या होत्या चाकांच्या. एका खुर्चीतली दहा-बारा वर्षांची मुलगी कार्यक्रम संपल्यावर आईबरोबर मागे आली. ‘तुम्ही वर कशा गेलात?’ मी तिला उतार दाखवला. ती वर गेली, रिकाम्या मंचाच्या मधोमध खुर्ची थांबवली आणि बराच वेळ समोरच्या खुर्च्यांकडे पाहत राहिली. मग तिने आईला विचारलं, ‘मला कथक शिकवतील का गं?’ आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हातांचं, नजरेचं, बोलांचं कथक पुष्कळ असतं. शिकवणारं कोणी मी शोधते.

५ डिसेंबर

तिघांना फोन केले. दोघी ‘अवघड आहे’ म्हणाल्या. तिसरी म्हणाली, ‘शनिवारी घेऊन या, पाहू.’ मुलीच्या आईला कळवलं.

६ डिसेंबर

सभागृहाच्या व्यवस्थापकांना आज पत्र टाकलं. त्यातला शेवटचा भाग इथे उतरवून ठेवते:

‘उताराचे तिन्ही तुकडे तुमच्या मागच्या खोलीत भिंतीला लावून उभे आहेत. प्लाय पावसात टिकणार नाही, तेव्हा जूनच्या आधी त्या जागी सिमेंटचा कायमचा उतार करून घ्यावा. उंची अठरा इंच, लांबी अठरा फूट, रुंदी चार फूट, एका बाजूला कठडा. मोजमापाचा कागद सोबत आहे. तोपर्यंत प्रत्येक कार्यक्रमाला, कोणी मागो न मागो, लाकडी उतार जोडून ठेवावा. बोल्ट सोळा आहेत, पाना सुतारकाकांनी खिळ्याला टांगून ठेवला आहे.’