उरलेल्या मशीनची यादी

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्या घड्याळात रात्रीचे साडेदहा वाजले की मायक्रोसॉफ्टचे पॅच बाहेर पडतात. अमेरिकेत हिवाळी वेळ लागली की साडेअकरा. ऑक्टोबर २००३ पासून हा शिरस्ता चालू आहे. पॅच आला की दुसरी एक मंडळीही कामाला लागते. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवायची, काय बदललं ते बघायचं. ठिगळ कुठे लावलंय यावरून भोक कुठे होतं ते कळतं. म्हणून पॅच न लावलेलं मशीन बुधवारी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त धोक्यात असतं. कारखान्यांतले, कचेऱ्यांतले संगणक सांभाळणाऱ्या आम्हा लोकांचा महिना या तारखेभोवती फिरतो.

पॅच उतरवून घेणं, वाटणं, लावणं ही कामं आता सॉफ्टवेअरच करतं. एका मशीनवर उतरलेला पॅच शेजारची मशीन आपसांत वाटून घेतात, त्यामुळे शाखेची बारीक लाइनही तुंबत नाही. आठवड्याभरात पडद्यावर हिरवं वर्तुळ दिसतं आणि मध्ये आकडा, समजा ९६ टक्के. वरिष्ठांना तो आकडा आवडतो. या धंद्यात राहून माझं मत मात्र पक्कं झालंय की खरं काम त्या चार टक्क्यांत असतं, आणि आपल्या स्वयंचलित व्यवस्थेत सुधारणा करायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

कारण हल्ला सरासरी बघून होत नाही. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या एका दोषावर पॅच दिला. १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणी मागणारा किडा पसरला तो नेमका त्याच दोषातून. मधले दोन महिने औषध फुकट उपलब्ध होतं. जूनच्या २७ तारखेला नॉटपेट्या आलं, आणि ते त्याहून जास्त शिकवण देणारं आहे. पॅच नसलेल्या एका मशीनमधून ते आत शिरायचं, तिथल्या मेमरीतून पासवर्ड उचलायचं आणि त्यांच्या जोरावर पॅच लावलेल्या मशीनवरही ताबा मिळवायचं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघालेल्या त्या किड्याने मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा बसवली आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं कामही अडकलं. चार टक्के बाकीच्या शहाण्णवांना बुडवू शकतात, ते असे.

मग ही मशीन उरतात तरी का? एका हिशेबनीस बाईंचं मशीन यादीत कायम 'रीस्टार्ट बाकी' असं दिसायचं. विचारलं तर म्हणाल्या, "अहो, मी रोज संध्याकाळी बंद करूनच घरी जाते." टास्क मॅनेजर उघडून 'अप टाइम' बघितला, तर मशीन कित्येक आठवडे सलग चालू! बाई खोटं बोलत नव्हत्या आणि मशीनही नाही. विंडोजमधल्या 'फास्ट स्टार्टअप' या सोयीत 'शट डाउन' केलं तरी प्रणालीचा गाभा पूर्ण मिटत नाही. तो डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तसाच परत उचलला जातो. ज्या पॅचला खरा रीस्टार्ट हवा असतो, तो ताटकळत बसतो. पॉलिसीमधून ती सोय सगळीकडे बंद केली आणि 'रीस्टार्ट बाकी'ची रांग पुष्कळ आखडली. आधी आम्ही वापरणाऱ्यांना आठवणीच्या मेल पाठवत होतो. मेलने सुटणारा प्रश्नच नव्हता तो.

प्रत्येक उरलेल्या मशीनमागे असं एक ठोस कारण असतं. रात्री दोनची वेळ ठरवलेली असते, पण शेवटचा माणूस गेला की वॉचमन मजल्याचा मेन स्विच पाडतो, आणि आगीच्या भीतीने पाडतो ते बरोबरच आहे. तिथे पॅच जेवणाच्या सुट्टीत उतरवून संध्याकाळी बंद करतानाच लावायला हवा. वजनकाट्यावरचं मशीन गाड्यांची रांग लागलेली असते म्हणून बंदच होत नाही. त्याची वेळ काट्यावरच्या माणसाशी बोलून ठरवावी लागते. कुणाची सी ड्राइव्ह भरलेली असते. विक्रीवाल्यांचे लॅपटॉप कचेरीच्या नेटवर्कवर फिरकतच नाहीत. त्यांना पॅच थेट इंटरनेटवरून मिळेल अशी सोय लागते. नुसतं 'अयशस्वी' असं लिहिणारा अहवाल यातलं काहीच सांगत नाही. चांगल्या व्यवस्थेने कारण सांगावं आणि त्या कारणाची वेगळी रांग करावी.

आणि टक्के कशाचे, हेही विचारायला हवं. जी मशीन यादीतच नाहीत ती नापासही होत नाहीत. इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीत २०१७ साली अपाचे स्ट्रट्स या वेब-सॉफ्टवेअरचा पॅच लावा असा आदेश निघाला होता, शोधमोहीमही झाली. पण दोष असलेली यंत्रणा त्या शोधात सापडलीच नाही आणि कोट्यवधी लोकांची माहिती गेली. म्हणून खरेदीची नोंदवही, नेटवर्कवर दिसणारी मशीन आणि अँटिव्हायरसची यादी या तिन्ही नियमाने ताडून बघाव्यात. तेच सॉफ्टवेअरचं. विंडोज ताजं असतं आणि शेजारी विनरार जुनं पडलेलं असतं. ते स्वतःहून अपडेट होत नाही, आणि २०२३ मध्ये त्यातल्याच दोषाचा हल्लेखोरांनी वापर केला होता.

घाईचाही धोका असतो. १९ जुलै २०२४ च्या सकाळी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीची एक सदोष फाइल जगभरच्या मशीनवर एकदम गेली. दीड तासाच्या आत त्यांनी ती मागे घेतली, तोवर सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बसली होती. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दुरुस्तीसाठी मशीनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून फाइल पुसावी लागली. ड्राइव्ह कुलूपबंद असेल तर आधी ४८ आकडी किल्ली टाइप करायची. तेव्हापासून टप्प्याटप्प्याने वाटप करण्याबद्दल कुणाला पटवावं लागत नाही.

पण पहिल्या टप्प्यात कोण असावं यावर मी भांडतो. बहुतेक ठिकाणी आयटीचीच मशीन घेतात: नवीकोरी, सगळी एकसारखी. तिथे पॅच पास होतो आणि चौथ्या दिवशी हिशेब विभागातला प्रिंटर रुसतो. पहिल्या टप्प्यात डिजिटल सहीचं टोकन लावलेलं एक मशीन हवं, जुन्या मराठी फॉन्टवर पत्रं लिहिणारं एक हवं, बारकोड छापणारं एक हवं, आणि ते वापरणाऱ्या माणसाला आधी सांगितलेलं हवं. ठरावीक संख्येहून जास्त मशीन बिघडली की वाटप आपोआप थांबलं पाहिजे.

तारखांचंही भान हवं. दुसरा मंगळवार आठ ते चौदा तारखेच्या मध्ये येतो आणि महिन्याचं जीएसटीआर-१ विवरणपत्र भरायची मुदत अकरा. त्या दिवशी दुपारी ज्याच्या पडद्यावर 'अपडेट होत आहे, संगणक बंद करू नका' असं निळं पान येतं, तो माणूस पुढे वर्षभर 'नंतर आठवण करा' हेच बटण दाबतो. त्याला आडमुठा म्हणणं सोपं आहे. पण त्याचा विश्वास आपल्या वेळापत्रकाने गमावलेला असतो, आणि तो परत मिळवणं हेही पॅच व्यवस्थापनाचंच काम आहे. म्हणून हिशेब विभागाचा टप्पा बारा तारखेच्या आधी सुरू करायचा नाही. अपवाद एकच: ज्या दोषाचा प्रत्यक्ष वापर सुरू झालाय, त्याचा पॅच तारीख न बघता, पण आधी फोन करून लावायचा.

त्यामुळे नवं साधन घ्यायचं झालं की विक्रेता वेग दाखवतो आणि मी त्याला उरलेली मशीन दाखवायला सांगतो. प्रत्येक ओळीत मशीन कुठे आहे, ते कोण वापरतं, का राहिलं आणि पुढचा प्रयत्न कधी, एवढं हवं. 'इतर' नावाचा रकाना नको. तसली यादी देणारं साधन थोडं हळू चाललं तरी मी तेच घेईन, कारण सोमवारी सकाळी कुणाकडे जायचं ते मला त्यातून कळतं.