एक चप्पल आणि अर्धी गोष्ट

के. आर. पुरमच्या त्या घरात आबांची एक गोष्ट कित्येक वर्षे सांगितली जात होती. पाहुणे आले, टीव्हीवर एखादा अटीतटीचा सामना लागला, की कुणीतरी म्हणायचेच, “आबा, ती चपलेची गोष्ट सांगा की!” आणि आबाही नको नको म्हणत खुर्चीत सावरून बसायचे.

आबा मूळचे कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे; पण कोल्हापुरात फुटबॉलचे संघही तालमींच्या नावाने ओळखले जातात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. सामना अकरा जणांचा असला तरी जिंकते आणि हरते ती पेठ. त्यामुळे गुलाल जितक्या लवकर उधळतो, तितक्याच लवकर बाह्याही सरसावतात. आज शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पोलिसांचा बंदोबस्त लावावा लागतो, तो याचसाठी.

अशा गावातले आबा 1975 साली बंगळुरूला आयटीआयच्या, म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या कारखान्यात नोकरीला लागले आणि के. आर. पुरमशेजारच्या दूरवाणीनगरात त्यांनी बिऱ्हाड थाटले. कन्नडमध्ये दूरवाणी म्हणजे टेलिफोन. या कारखान्याचा फुटबॉल संघ नावाजलेला होता. 1977 साली देशातल्या पहिल्याच फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात त्याने बलाढ्य मोहन बागानला 1-0 असे हरवले. ‘देवानं बरोबर कारखान्यात आणून टाकलं,’ असे आबा तेव्हापासून म्हणत आले.

त्यांची गोष्ट होती 1968 सालची. आबा तेव्हा पंधरा वर्षांचे. पेठेच्या संघाने शेवटच्या मिनिटाला गोल मारला आणि शिट्टी वाजताच सारी पेठ मैदानात घुसली. दोरखंड तुटले, पंच पळाले, गोल मारणाऱ्याला लोकांनी खांद्यावर घेतले. आबांनी म्हणे त्याच्या पायाला हात लावला. गर्दीतून बाहेर पडताना एक चप्पल गेली. दुसरी हातात घेऊन, गुलालाने माखलेले आबा अनवाणी घरी आले आणि वडिलांनी त्याच चपलेने त्यांना बदडले. इथे सगळे पोट धरून हसत. नातू ही गोष्ट मांडीवर बसून ऐकत मोठा झाला.

3 जून 2025 च्या रात्री अहमदाबादला रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूने पंजाब किंग्जला सहा धावांनी हरवले आणि अठराव्या हंगामात पहिल्यांदा आयपीएल जिंकली. के. आर. पुरममध्ये मध्यरात्रीपर्यंत फटाके वाजत होते. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळपासून मुलांच्या मोबाइलवर विजयी मिरवणुकीची आणि चिन्नास्वामी स्टेडियममधल्या मोफत प्रवेशाची बातमी फिरू लागली. मिरवणूक निघणार की नाही, पास कुणाला मिळणार, याचा नीट पत्ता कुणालाच नव्हता.

सोळा वर्षांचा नातू चपला सोडून नवे बूट घालत होता. आईने नको म्हटले. तो हसून म्हणाला, “आबा नव्हते का गेले मैदानात? त्यांना काय झालं?” आईने सासऱ्यांकडे पाहिले. आबा काही बोलले नाहीत. खरे तर त्यांना थोडा अभिमानच वाटला होता. नातू दोन मित्रांबरोबर के. आर. पुरम स्थानकावर मेट्रोत चढला. जांभळ्या मार्गाने सरळ कब्बन पार्क, आणि तिथून स्टेडियम हाकेच्या अंतरावर.

संध्याकाळी टीव्हीवर पहिली पट्टी दिसली: स्टेडियमच्या फाटकाशी चेंगराचेंगरी. सुनेने मुलाला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. कब्बन पार्क आणि विधान सौध स्थानकांवर मेट्रो थांबत नसल्याची बातमी आली. मृतांचा आकडा वाढत गेला आणि अखेर अकरावर थांबला. जखमी पन्नासहून अधिक. बहुतेक मुले-मुली ऐन तारुण्यातली, काही तर शाळकरी. जेमतेम पस्तीस हजारांच्या स्टेडियमभोवती दोन-तीन लाख लोक लोटले होते, असे मुख्यमंत्र्यांनी सांगितले. पडद्यावर रस्त्यात विखुरलेल्या चपला-बुटांचा ढीग पुन:पुन्हा दाखवत होते. आजी देवापुढे जाऊन बसल्या. आबा त्या ढिगाकडे बघत राहिले.

रात्री नऊच्या सुमारास नातू आला. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मळलेला मोजा. मित्रही सुखरूप होते. त्याने हसायचा प्रयत्न केला. “आबा, सेम तुमच्यासारखं झालं बघा.” आणि तिथेच, दारात, तो रडू लागला. फाटक अर्धवट उघडले तेव्हा मागून लोंढा आला. पाय जमिनीला लागेनात. शेजारची मुलगी दिसत होती, मग दिसेनाशी झाली. कुणीतरी त्याला काखेत धरून भिंतीकडे ओढले.

जेवण कुणाला गेलेच नाही. आबांनी नातवाला जवळ बसवले आणि म्हणाले, “मी तुला आजवर अर्धीच गोष्ट सांगितली.”

त्या दिवशी आबा एकटे गेले नव्हते. अकरा वर्षांचा मावसभाऊ बरोबर होता. मावशीला न विचारता आबांनीच त्याला नेले होते. शिट्टी वाजली तेव्हा त्यांनी त्याचा हात घट्ट धरला होता. खेळाडूच्या पायाला हात लावण्यासाठी तो सोडला. बाहेर पडायच्या अरुंद बोळात लोक एकमेकांवर पडले, तेव्हा तो पोरगा खाली होता. पाय दोन ठिकाणी मोडला. हाड नीट जुळले नाही, आणि पेठेतला सगळ्यांत चपळ पोरगा जन्मभर लंगडत चालला.

“आणि वडिलांनी मला चपलेसाठी मारलं नव्हतं,” आबा म्हणाले. “त्याच्यासाठी मारलं होतं.”

सून, मुलगा, आजी, सगळेच गप्प होते. आजींना हे ठाऊक होते. पण लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनीही कधी ते तोंडातून काढले नव्हते. मावसभाऊ लग्नकार्याला यायचे, चपलेची गोष्ट निघाली की सगळ्यांबरोबर हसायचे. त्यांच्या पायाबद्दल मुलांना ‘लहानपणी पडले’ एवढेच माहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी कोल्हापूरला फोन लावला. आधी बातमी सांगितली, मग अडखळत म्हणाले, “आज घरात खरं ते सांगितलं. फार उशीर झाला. तुझा हात मी सोडला होता.” पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आवाज आला, “पोरगं घरी आलं न्हवं? मग झालं. त्याला चार दिवस एकटं झोपवू नगा.”

सुट्टीचे ते दिवस नातू घरातच होता. शोधायची सवय मोबाइलवरची. पण आता आजोबा-नातू शेजारी बसून वाचत होते. मैदानात लोक घुसतात म्हणजे नेमके काय होते?

1964 साली पेरूची राजधानी लिमा येथे अर्जेंटिनाविरुद्धच्या सामन्यात पेरूचा गोल नाकारला गेला. दोन प्रेक्षक मैदानात धावले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. लोक जिन्यांकडे पळाले. पण खालची दारे बंद होती. तीनशेहून अधिक माणसे गेली, ती मैदानात नव्हे, बंद दारांमागे. 16 ऑगस्ट 1980 रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी जुंपली आणि 16 जण प्राणाला मुकले. 1989 साली इंग्लंडमध्ये हिल्सबरोला प्रेक्षक मैदानात घुसू नयेत म्हणून उभारलेल्या कुंपणावरच माणसे चिरडली गेली. त्या दुर्घटनेचे बळी 97 झाले आणि पुढे तिथल्या मोठ्या मैदानांवरची कुंपणे काढून टाकण्यात आली. 1 ऑक्टोबर 2022 रोजी इंडोनेशियात कांजुरुहान मैदानावर घरचा संघ हरल्यावर लोक खाली उतरले. पुन्हा अश्रुधूर, पुन्हा अरुंद दारे. 135 बळी.

“लोक वेडे नसतात, आबा,” नातू म्हणाला. “मागच्याला पुढचं दिसतच नाही.” ते खरे होते. मागचा माणूस आनंदात एक पाऊल पुढे टाकतो, आणि त्या हजार पावलांचा भार पुढच्याच्या छातीवर येतो. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे झाली, की आपण चालत नाही, गर्दी आपल्याला नेते. माणूस पायांखाली तुडवला जाण्याआधी बहुधा श्वास कोंडूनच जातो. म्हणूनच जाणकार सांगतात: अशा वेळी दोन्ही हात छातीपुढे धरावेत, लोंढ्याशी झुंजू नये, तिरके तिरके कडेला सरकावे, आणि पडलेली चप्पल किंवा मोबाइल उचलायला कधीही वाकू नये.

डिसेंबरात मेस्सी भारतात आला. 13 तारखेला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर महागडी तिकिटे काढून बसलेल्या हजारो लोकांना पुढारी आणि अधिकाऱ्यांच्या कोंडाळ्यामुळे तो धड दिसलाही नाही आणि थोड्याच वेळात निघून गेला. बाटल्या उडाल्या, खुर्च्या मोडल्या, लोक मैदानात शिरले. आजोबा-नातू टीव्हीपुढे होते. पूर्वीचा नातू ‘काय भारी!’ म्हणाला असता. आता त्याने विचारले, “बाहेर पडायची दारं उघडी आहेत का तिथली?”

नातवाचे सामन्यांचे वेड गेलेले नाही, आणि जावे असे आबांनाही वाटत नाही. शेजारच्या मुलांबरोबर तो कांतीरवा स्टेडियमवर फुटबॉल बघायला जातो. जाताना सगळे कुठे भेटायचे ते ठरवतो, आणि शिट्टी वाजली की गर्दी ओसरेपर्यंत जागेवर बसून राहतो.

संक्रांतीला पाहुणे आले, तेव्हा कुणीतरी सवयीने म्हणाले, “आबा, चपलेची गोष्ट!” आबांनी सांगितली. गुलाल, दोरखंड, पंचांची पळापळ, सगळे पूर्वीसारखेच. लोक हसलेही. चप्पल हरवल्यापाशी आबा थांबले आणि त्यांनी नातवाकडे पाहिले.

“पुढचं मी सांगतो,” नातू म्हणाला.