शेजारधर्म आणि सारमेय

आमच्या घरी दहा वर्षांपूर्वी एक कुत्र्याचे पिल्लू आले. आले म्हणजे कोणी आणले नाही. पावसाळ्यात फाटकाखालून आत शिरले, ते राहिले. भाषेची मास्तरकी करणाऱ्या घरात नाव ठेवण्याचा प्रसंग म्हणजे पांडित्य मिरवण्याची संधी, तेव्हा आम्ही त्याचे नाव 'सारमेय' ठेवले. सरमा ही देवांची कुत्री आणि तिचे अपत्य ते सारमेय, म्हणून संस्कृतात कुत्र्यालाच सारमेय म्हणतात. धुणेभांडी करणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी त्याचा 'सारम्या' केला आणि तेच नाव रूढ झाले. नाव ठेवताना आमच्या डोक्यात फक्त शब्द होता. सरमेच्या मुलाची म्हणून महाभारतात जी गोष्ट आहे, ती तेव्हा आठवली नव्हती.

आमचे गाव सांगली. विश्रामबागेच्या बाजूला जुन्या बैठ्या घरांची एक ओळ होती, तीत आमचे घर. शेजारच्या घरात अण्णा आणि काकू राहत. मधे कमरेएवढी भिंत. वीस वर्षांचा शेजार. विरजण, लिंबे, पुरणपोळ्या हे सगळे त्या भिंतीवरून इकडेतिकडे जात असे. अण्णा निवृत्त झाले होते, मुलगा परदेशी. त्यांच्या परसात तांब्याचा बंब होता आणि घरात गीझर असूनही ते पहाटे उठून करवंट्या, लाकडाच्या ढलप्या घालून तो पेटवीत. त्या धुराचा वास आमच्या सकाळीचाच भाग होता.

२०१८ च्या दिवाळीत काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. इस्पितळातून घरी आल्या त्या अंथरुणाला खिळूनच. दिवसा एक बाई येत. रात्र सगळी अण्णांची. कूस बदलणे, पाणी पाजणे, कपडे बदलणे हे सगळे ते एकटे करीत. काकूंना झोप लागे ती पहाटेच्या सुमारास, आणि नेमक्या त्याच वेळी, चारच्या ठोक्याला, दूधवाल्याची सायकल कोपऱ्यावर आली की सारम्या भुंकायला लागे. भिंतीलगत, म्हणजे त्यांच्या खोलीच्या खिडकीखाली. दहा मिनिटे, पंधरा मिनिटे.

अण्णांनी आम्हाला दोनदा सांगितले. पहिल्यांदा हसत: "सर, तुमच्या सारमेयाला जरा व्याकरण शिकवा." आम्हीही हसलो. दुसऱ्यांदा हसले नाहीत. भिंतीपाशी उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "रात्री त्याला आत घेता आलं तर बघा." आम्ही "बघतो" म्हणालो. मराठीत 'बघतो' या क्रियापदाचा बघण्याशी फारसा संबंध उरलेला नाही, हे आम्ही वर्गात कित्येकदा गमतीने सांगितले असेल. आम्ही काही बघितले नाही. कुत्रा म्हटल्यावर भुंकणारच, राखणीचा प्राणी आहे, असे आपसात म्हणालो आणि विसरलो.

२०१९ च्या जानेवारीतली एक पहाट. भुंकणे चालू होते, ते एका किंकाळीने तुटले. आम्ही मागे धावलो तेव्हा सारम्या पायरीखाली थरथरत बसला होता, अंग ओले, आणि त्या थंडीत त्याच्या पाठीतून वाफ निघत होती. भिंतीपलीकडे कोणी नव्हते. बंब पेटलेला होता.

आंघोळीच्या पाण्याला आपल्याकडे विसण घालतात. कढत पाणी अंगाला सोसेल असे करण्यासाठी मिसळायचे थंड पाणी, ते विसण. एवढ्याशा गोष्टीला भाषेने स्वतंत्र शब्द राखून ठेवला आहे. त्या पहाटे जे पाणी भिंतीवरून आले, त्याला विसण नव्हते.

आम्ही त्याच्यावर नळाचे गार पाणी सोडले, ते काय सुचले तेवढेच. वर पाहावे तर केस जागच्या जागी होते, जखम कुठे दिसेना. संध्याकाळी त्याने भाकरीही खाल्ली. आम्हाला वाटले, निभावले. तिसऱ्या दिवशी पाठीवरचे केस चिकटून आले आणि हात लावताच कातडीसकट हातात आले. पशुवैद्यांनी सांगितले की कुत्र्याच्या भाजण्याचे हेच फसवे असते. केसांमुळे गरम पाणी कातडीशी धरून राहते आणि केसांमुळेच ते झाकलेही जाते. पुढचा दीड महिना रोज जखम धुणे, चांदीचे मलम लावणे, चाटू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी पट्टी. नरसाळे दाराला अडकले की तो तिथेच उभा राहायचा, मागे सरायचे असते हे त्याला कधी कळले नाही. पाठीवर तळहाताएवढ्या जागेत केस पुन्हा आलेच नाहीत.

पाणी कोणी टाकले हे पाहिले होते ते एकट्या धुणेभांडीवाल्या बाईंनी. त्या पहाटेच अण्णांकडे कामाला जात. दोन दिवस गप्प राहून त्यांनी सांगितले, आणि लगेच म्हणाल्या, "पण माझं नाव घेऊ नका, दोन्हीकडं माझं काम हाय." त्यांचे बरोबरच होते. दोन घरांच्या भांडणात तिसऱ्याच्या पोटावर पाय का यावा?

आम्ही चौकीत गेलो. ठाणे अंमलदारांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "कुत्र्याची किंमत किती?" आमचा तोल गेला. पाळलेल्या जिवाची किंमत काय विचारता, वगैरे आम्ही बोलून गेलो. घरी येऊन कायद्याचे पुस्तक उघडले तेव्हा ओशाळलो. प्रश्न त्या गृहस्थांचा नव्हताच. तो १८६० च्या भारतीय दंड संहितेचा होता. तिच्या कलम ४२८ मध्ये दहा रुपये किंवा अधिक किमतीचा प्राणी मारणे वा निकामी करणे याला शिक्षा होती. कलम ४२९ मध्ये हत्ती, उंट, घोडा, बैल यांची नावे घेऊन बाकीच्या प्राण्यांसाठी पन्नास रुपयांची अट होती. फाटकाखालून आलेल्या कुत्र्याची पावती कुठून आणायची? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा अधिनियम पाहिला, तर पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आता, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मधून किमतीची अट गेली आहे. १९६० च्या कायद्यातले पन्नास रुपये मात्र तसेच आहेत. असो. त्या वेळी आम्ही तक्रार लिहून काढली, साडेतीन पाने, शुद्धलेखनासह, आणि दिली नाही. साक्षीदाराचे नाव घेता येत नव्हते हे एक कारण. दुसरे कारण तेव्हा कबूल करणे जड गेले असते: तिच्यात 'अगोदर काही वाद झाला होता काय' याचे उत्तर लिहायला आम्ही तयार नव्हतो.

याच काळात वर्गात आदिपर्व शिकवायचे आले. (योगायोग म्हणून कोणी हसेल तर हसो, अभ्यासक्रम विद्यापीठाने ठरवलेला होता.) पौष्यपर्वाच्या प्रारंभीच ती गोष्ट आहे. जनमेजय आपल्या तीन भावांसह कुरुक्षेत्रावर दीर्घ सत्र करीत असतो. तिथे एक कुत्रा येतो, भाऊ त्याला बडवतात, तो रडत आईकडे जातो. सरमा आधी मुलालाच दोष देते: तूच काही केले असशील. तो सांगतो, मी हवनद्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही, मग चाटणे दूरच. मग ती यज्ञभूमीवर जाऊन विचारते, याला का मारले? प्रचलित पाठात ते भाऊ यावर काहीच बोलत नाहीत. तेव्हा ती शाप देते: निरपराध्याला मारलेत, तुमच्यावर न दिसणारे भय येईल. आणि जनमेजय, पांडवांचा पणतू, एका कुत्रीच्या शापाने इतका हादरतो की सत्र संपल्यावर तो निवारण करू शकेल असा पुरोहित शोधत हिंडतो.

हा भाग आम्ही वर्षानुवर्षे सर्पसत्राची नांदी म्हणून शिकवत आलो होतो: निरपराध कुत्र्याला मार, मग निरपराध सर्पांचा संहार. त्या वर्षी शिकवताना आम्ही मनातल्या मनात सरमेच्या जागी उभे होतो आणि भिंतीपलीकडे ते तीन गप्प भाऊ होते. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण आई आधी मुलाला का विचारते, तू काय केलंस म्हणून?" उत्तर सोपे होते: त्याचे निरपराधित्व सिद्ध झाल्याशिवाय शापाला अर्थ नाही. सांगून झाले आणि घरी येईपर्यंत तो प्रश्न सुटला नाही. सरमेने आधी घरात चौकशी केली, मग ती यज्ञभूमीवर गेली. आमच्या सारम्याने हवनद्रव्य चाटले होते; निदान आम्ही त्याला तिथे मोकळे सोडले होते. शाप देण्याची पात्रता आमच्याकडे नव्हती. याचा अर्थ पाणी टाकणे योग्य होते असा मुळीच नाही. कुत्र्याला दूधवाला आणि चोर यांत फरक कळत नसेल, माणसाला कढत आणि कोमट यांतला कळतो.

दुसरी एक गोष्ट रामायणाच्या उत्तरकांडात आहे. तो भाग प्रक्षिप्त मानतात. डोके फुटलेला एक कुत्रा रामाच्या दारात न्याय मागायला येतो. मारणाऱ्या ब्राह्मणाला बोलावतात, तर तो लगेच कबूल करतो: भिक्षेसाठी हिंडत होतो, भुकेने व्याकूळ होतो, हा वाटेत होता, हाकलला तरी हलेना, राग आला, मारले, मला शिक्षा करा. पुढे कुत्रा त्याला कालंजराचे कुलपतिपद द्यायला सांगतो आणि ही शिक्षा कशी ते उलगडते. शिक्षणक्षेत्रातले लोक तेवढाच शेवट आवडीने सांगतात. आम्हाला मात्र त्या दिवसांत मधले वाक्य पुरत होते. भूक होती, राग आला, मारले. एवढे कोणी म्हणावे यासाठीच आम्ही अण्णांच्या फाटकाकडे पाहत होतो. पण जाऊन विचारले नाही. सरमेने विचारले तरी होते.

भिंतीवरचे देणेघेणे थांबले. सारम्या जखमी होता म्हणून रात्री स्वयंपाकघरात झोपू लागला आणि बरा झाल्यावरही तिथेच राहिला. सायकलचा आवाज तिथवर येत नसे. पहाटेचे भुंकणे त्या पहिल्याच रात्री बंद झाले. एक पोते टाकायचे आणि दाराला कडी लावायची, इतकेच काम होते.

काकू मे २०२० मध्ये गेल्या. टाळेबंदी होती, अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी, विमाने बंद. मुलगा येणे शक्यच नव्हते, नातलग जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे. वीस सोडाच, आळीतले सात-आठ जण जमले. आम्ही खांदा दिला. तो प्रसंग मोठेपणाचा नव्हे. त्या दिवशी दुसरे कोणी नव्हतेच. संध्याकाळी रीतीप्रमाणे पिठलं-भाताचे पातेले नेऊन दिले. अण्णा काही बोलले नाहीत, आम्हीही नाही.

पंधरवड्याने ते पातेले परत करायला स्वतः आले. फाटकाची कडी वाजली तशी ओट्यावरचा सारम्या उठला आणि पोट जमिनीला घासत आत कॉटखाली जाऊन बसला. अण्णा पायरीवरच थांबले. त्याच्या पाठीवरची उघडी जागा त्यांनी बहुधा पहिल्यांदाच जवळून पाहिली.

"हे मी केलेलं?" त्यांनी विचारले.

"हो," आम्ही म्हणालो.

"दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता..." असे काहीसे त्यांनी सुरू केले आणि सोडून दिले. मग म्हणाले, "रागात तांब्या भरला. भिंतीपाशी येईपर्यंत सात-आठ पावलं होती. तेवढ्यात कळायला हवं होतं."

दीड वर्ष आम्ही याच वाक्याची वाट पाहिली होती. त्यावर 'असू द्या अण्णा' म्हणायचे असते, हे आम्हाला ठाऊक होते. आमचेही एक वाक्य त्यांना देणे होते: तुम्ही दोनदा सांगितलेत, आम्ही ऐकले नाही. दोहोंपैकी एकही तोंडातून फुटले नाही. आम्ही पातेले घेतले आणि चहा घेणार का म्हणून विचारले. ते नको म्हणाले.

पुढच्या वर्षी मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. घर भाड्याने दिले आहे. भाडेकरूंनी छपरावर सौर बंब बसवला, परसातला तांब्याचा मोडीत गेला. सारम्या आता म्हातारा झाला आहे, त्याला नीट ऐकू येत नाही. भिंतीच्या बाजूला तो अजून जात नाही. अण्णांचा पत्ता आमच्या वहीत आहे. ते दुसरे वाक्य पत्रात लिहायला आम्ही दोनतीनदा बसलो आहोत.