खर्जाची कैफियत

ट्रॉय, मिशिगन
माघ वद्य पंचमी

तीर्थस्वरूप अण्णांस,



तुमचे पत्र पोचले. घराच्या तळघरात नऊ गिटारी आणि सहा अ‍ॅम्प्लिफायर साठविल्याची फिर्याद आमच्या मंडळींनी टेलिफोनवरून वहिनींकडे गुदरली, वहिनींनी ती तुमच्या कानी घातली, आणि तुम्ही, मामलेदार कचेरीच्या दफ्तरात उभा जन्म काढलेल्या माणसाला शोभेल अशा रीतीने, एकतर्फी निकाल न देता माझी लेखी कैफियत मागविलीत, याबद्दल मी ऋणी आहे. आकडे खरे आहेत. ते मी नाकबूल करीत नाही. फिर्यादीत ‘गिटारी’ असा जो मोघम शब्द पडला आहे त्याला मात्र माझी हरकत आहे.

या नऊही बेस गिटारी आहेत, आणि बेस गिटार ही गिटारीचे रूप घेऊन हिंडणारी खर्जाची तार आहे. तिला चार जाड तारा असतात. सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे 41 आंदोलने करते, तिच्या वरची 55, मग 73, आणि शेवटची 98. काळी एकच्या पट्टीत लावलेल्या तुमच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे 69 आंदोलनांचा. म्हणजे हे वाद्य तुमच्या खर्जाच्याही खाली पाऊण सप्तक उतरते. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणे चाले आणि तुम्ही गवयाच्या मागे तंबोरा घेऊन बसलेले असा, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा पोर तुमच्या कोटाची उशी करून शेजारीच निजलेला असे, हे तुम्हाला आठवत असेल. गाण्याने माझी झोप कधी मोडली नाही. ती मोडे तुम्ही खर्जाची तार उतरली म्हणून खुंटीला हात घालीत असा त्या दोन-चार क्षणांत. सभामंडपाची जमीनच कोणी ओढून घेतल्यासारखे वाटून मी ताडकन उठून बसे, तार पुन्हा लागली की पुन्हा आडवा होई. जे चालू असताना कोणाच्या लक्षात येत नाही आणि थांबले की निजलेले पोर दचकते, अशा स्वराची ओढ मला तेव्हाच लागली असावी. पुढे 1974 साली मोटारींच्या कारखान्यात नोकरीसाठी म्हणून मी या डेट्रॉइटच्या परिसरात आलो आणि इथल्या एका गहाणवटीच्या दुकानाच्या काचेआड ती चार तारांची लांब दांडी मला दिसली, तेव्हा तिचे नावही मला ठाऊक नव्हते. दुकानदाराने खालची तार छेडून दाखविली, काच थरथरली, आणि त्या आठवड्याचा अर्धा पगार मी तिथेच ठेवून आलो.

या वाद्याचा जनक मोठा मौजेचा माणूस. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. त्याच्यापूर्वी, 1930 नंतरच्या दशकात, सिअ‍ॅटलच्या पॉल टुटमार्क याने आडवी धरून वाजविण्याची पडदेवाली विजेची बेस करून पाहिली होती, पण ती रुजली नाही. वाद्यवृंदातील खर्जाचे काम तोवर माणसाच्या उंचीच्या डबल बेसकडे असे. ते अवजड धूड मोटारीच्या टपावर बांधून गावोगाव न्यावे लागे, कर्णे आणि झांजा सुरू झाल्या की ते कोणाला ऐकू जात नसे, आणि त्याला पडदे नसल्यामुळे सूर नेमका लागणे हे वादकाच्या पुण्याईवर अवलंबून राही. फेंडरने 1951 साली 34 इंच तारेची, पडदे ठोकलेली, गळ्यात अडकविता येणारी बेस बाजारात आणली आणि तिचे नाव ठेवले ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक. पडद्यावर बोट पडले की सूर अचूकच निघणार, एवढाच त्या नावाचा अर्थ. गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांच्या गरजेकडे कारागिराच्या डोळ्याने पाहणारा असा माणूस आपल्या मिरजेत तुम्ही तंबोऱ्याच्या दुकानांतून पुष्कळ पाहिला असेल. भोपळा निवडताना त्यावर टिचकी मारून कान देणाऱ्या त्या कारागिरांपैकी किती जण मैफलीत बसून गात असत?

नऊ वाद्ये का, हा तुमचा मुख्य प्रश्न मी अजून टाळतो आहे हे तुमच्या ध्यानात आले असेलच. त्याचे उत्तर देण्यापूर्वी एका माणसाची हकीकत सांगणे भाग आहे, आणि ती माझ्या बाजूची साक्ष नव्हे, विरुद्ध बाजूची आहे.

माझ्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासाच्या अंतरावर, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर 2648 क्रमांकाचे एक साधे दुमजली घर आहे. मोटाउन कंपनीने 1959 पासून तिथे गाणी मुद्रित केली. आता तिथे संग्रहालय आहे. या घराच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जेम्स जेमर्सन नावाचा बेसवादक 1962 सालची एक प्रिसिजन बेस घेऊन बसे. तो उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवी. तारा तुटल्याखेरीज बदलायच्या नाहीत हा त्याचा नेम. त्याही गोल वेष्टनाच्या नव्हेत, पट्टीसारखे सपाट वेष्टन असलेल्या, जड, बोट सरकले तरी न किंचाळणाऱ्या. गायिकेचा स्वर जिथे श्वास घेतो तिथे याची तार दोन पावले चालून येते आणि पुढच्या ओळीच्या आधी जागेवर परतते. ते चालणे ऐकताना, आपल्याकडचा जाणता तबलजी सम न बिघडविता मधल्या जागा कशा भरतो, त्याची मला पदोपदी आठवण होते. साऱ्या जगाने ती गाणी गुणगुणली, पण तबकडीच्या वेष्टनावर या वादकाचे नाव 1971 पर्यंत छापले गेले नव्हते. त्या वर्षी मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीवर ते प्रथम आले. पुढल्याच वर्षी कंपनीने आपले बिऱ्हाड लॉस एंजलिसला हलविले. 1983 साली जेमर्सन वारला, आणि मृत्यूच्या थोडे दिवस आधी त्याची ती लाडकी बेस चोरीला गेली होती. ज्याने या वाद्याला भाषा दिली त्याच्यापाशी मोजण्यासारखे वाद्य एक, आणि ज्याला अजून मात्रा चुकते त्या माझ्यापाशी नऊ! फिर्यादी पक्षाला याहून बळकट पुरावा मिळणार नाही. तो मीच स्वहस्ते सादर करीत आहे.

संग्रहाचा नाद हा वादनाच्या नादाहून वेगळा आणि, खरे सांगायचे तर, हलका आहे. वाजविताना चूक झाली की ती ऐकू येते. विकत घेताना झालेली चूक दहा दहा वर्षे पेटीत मुकाट पडून राहते. माझ्या संग्रहातील चौथे वाद्य असेच. फेंडरने आपला कारखाना 1965 च्या जानेवारीत सीबीएस या बड्या कंपनीला विकला, आणि तेव्हापासून त्या तारखेपूर्वीच्या वाद्यांना जुन्या वतनासारखे मोल चढले. एका विक्रेत्याने मला एक बेस 1964 सालची म्हणून दिली. मागच्या लोखंडी पट्टीवरील अनुक्रमांक त्या काळाशी जुळत होता, रंग योग्य तिथे झिजलेला होता, आणि माझे डोळे लोभाने झाकलेले होते. दोन वर्षांनी दांडीला बाक आला म्हणून मी चार स्क्रू काढून ती धडापासून वेगळी केली, तर तिच्या बुडाशी, जिथे कारखान्याचे लोक महिना आणि साल शाईने उमटवीत असत तिथे, 1973 असे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले! सातबारा एकाच्या नावे आणि कबजा दुसऱ्याचा, अशी प्रकरणे तुम्ही शेकड्यांनी हाताळली असतील; माझ्या वाट्याला हे एकच आले आणि ते फार महाग पडले. गंमत अशी की नऊंपैकी गोड वाजणाऱ्या दोन वाद्यांत मी तिची गणना करतो.

अ‍ॅम्प्लिफायरांविषयी मात्र मी थोडा हट्टाने बोलेन. ही विजेची बेस नुसती छेडली तर जेवणाच्या टेबलापलीकडे ऐकू जात नाही. तिचा देह लाकडाचा असला तरी कंठ या पेट्यांत आहे. माझ्याकडची सर्वांत मोलाची पेटी अ‍ॅम्पेग कंपनीची बी-15 ही आहे. 1960 साली निघालेल्या या घाटाची करामत अशी, की काचेच्या नळ्यांचा सारा संसार झाकणाला उलटा टांगलेला असतो; वाजवायच्या वेळी झाकण उलटून वर बसवायचे, काम झाले की तेच पुन्हा पोटात घालून पेटी मिटायची, पायपेटी मिटावी तशी. पुढे पारदर्शक पाटी असते, तिच्यामागे दिवा लागतो, आणि गिऱ्हाइकाला हवे असल्यास कंपनी त्या पाटीवर त्याचे नाव कोरून देत असे. माझ्या पेटीवर पूर्वीच्या कोण्या अपरिचित वादकाचे नाव आहे. कळ दाबली की नळ्या तापायला थोडा वेळ जातो, तापलेल्या धुळीचा वास येतो, आणि अंधाऱ्या तळघरात प्रथम त्या गृहस्थाचे नाव उजळते. मी ती पाटी बदललेली नाही. बदलावी असे मनात आले होते, हेही कबूल करतो.

उरलेल्या पाच पेट्या सरावाच्या, लहान, आणि लोक ज्यांना खेळणी म्हणतात त्या जातीच्या आहेत. आठ इंची कर्णा आणि पंधरा वॅटची ताकद. 41 आंदोलनांच्या स्वराची हवेतील लाट आठ मीटरांहून लांब असते. आपल्या मिरजेच्या घराची ओसरीही तिला पुरणार नाही. इतकी हवा ढकलणे त्या बशीएवढ्या कर्ण्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि तरीही तो स्वर आपल्याला ऐकू येतो. याचे कारण कानाच्या मागे आहे: मूळ स्वर क्षीण असला तरी त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे उपस्वर कानी पडतात, आणि त्यांच्या मेळावरून मन हरवलेला मूळ स्वर स्वतःच उभा करते. तुमच्या उशाशी ट्रान्झिस्टर आहे, त्यावर रात्री एखादी मैफल लागली की तंबोऱ्याचा खर्ज तुम्हाला ऐकू येतो ना? तो त्या डबीतून निघत नाही, अण्णा, तुम्ही घालता. जवारीखाली सुताचा धागा सरकवून तुम्ही जे उपस्वर जागे करीत असा, तेही याच व्यवहारातले. मोटाउनच्या लोकांना हे पक्के ठाऊक होते. तयार झालेले गाणे मोटारीतल्या रेडिओच्या चिमुकल्या कर्ण्यातून कसे लागते हे तपासून पाहण्याची त्यांची वहिवाट होती. शिवाय जेमर्सनची बेस पुष्कळदा कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरवाचून, तार थेट यंत्रात जोडून मुद्रित केली जाई, हे लिहिताना माझी ही सारी बाजू पुन्हा थोडी लंगडी पडते; परंतु कैफियतीत खोटे लिहू नये असे तुम्हीच शिकविले आहे.

इथल्या हिवाळ्यात या वाद्यांची शुश्रूषा करावी लागते. भट्टीच्या उष्ण वाऱ्याने घरातील हवा कोरडी ठणठणीत होते, दांडीचे लाकूड आकसते, आणि पडद्यांची टोके कडेने बाहेर येऊन तळहाताला बोचू लागतात. मग मी पाण्याची भांडी ठेवतो, दांडीच्या पोटातील लोखंडी सळई किल्लीने पाव फेरा आवळतो किंवा सैल करतो, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबतो. हे थांबणे मला नोकरीत कधी जमले नाही. परवा याच कामात असताना एका दांडीवरची काळपट पट्टी तेलाच्या बोळ्याने पुसली आणि ओळखीची झाक दिसली: शिसव! तीही आपल्याकडची, भारतीय. घरच्या देव्हाऱ्याचे लाकूड माझ्या बोटांखाली इतकी वर्षे होते, आणि मी ते मिशिगनमध्ये जपत बसलो होतो. 2017 साली शिसवाच्या साऱ्या कुळाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय परवान्याचे बंधन आले, 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, म्हणून पुढची गोष्ट सुकर झाली आहे.

ती गोष्ट अशी. तुमच्या नातवाने पुण्यात कॉलेजच्या वाद्यवृंदात बेस धरली आहे असे वहिनींच्या बोलण्यात आले. चैत्रात येणाऱ्या स्नेह्यांबरोबर मी त्याच्यासाठी 30 इंची तारेची एक लहान बेस पाठवीत आहे. तिची घरे जवळजवळ आहेत, नवख्या हाताला ती सोसतील. तारा सपाट वेष्टनाच्या आणि जुन्या आहेत. त्या त्याने बदलू नयेत. अ‍ॅम्प्लिफायर पाठवीत नाही, कारण इकडची वीज 120 व्होल्टची आणि तिकडची 230 ची. इथली पेटी तिथल्या भिंतीला जोडली तर पहिल्याच स्वरात धूर निघेल. त्याने तिकडेच एक लहान सरावाचा अ‍ॅम्प घ्यावा, तो जमिनीवर कोपऱ्यात न ठेवता खुर्चीवर कानाच्या उंचीला ठेवावा, म्हणजे घुमण्याखाली चुका लपणार नाहीत. आणि रात्री कानाला हेडफोन लावावा, म्हणजे त्याच्याविरुद्ध माझ्यासारखी फिर्याद होणार नाही. उरलेल्या आठांपैकी दोन, फार तर तीन मी ठेवीन. बाकीच्यांची विल्हेवाट लावण्यास वर्षाखेरपर्यंत मुदत मिळावी, एवढीच अर्जदाराची मागणी आहे.

एक मात्र उलट टपाली कळवावे. वयपरत्वे तुमचा आवाज उतरला आहे असे ऐकतो. तंबोरा अजून काळी एकलाच लावता, की पांढरी एकवर आणला आहे? काळी एक असेल तर पोराने खालून दुसऱ्या, म्हणजे ए तारेच्या चौथ्या पडद्यावर बोट ठेवावे, पांढरी एक असेल तर तिसऱ्या. सकाळी तुम्ही बसाल तेव्हा त्याला शेजारी बसवून तेवढा एकच स्वर धरायला सांगावे.

वहिनींस साष्टांग नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमचा आज्ञाधारक धाकटा बंधू