जालन्याचा काळा पाषाण आणि न सापडलेले जीव

जालना जिल्ह्यात विहीर खणताना मातीखाली मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनभर पसरलेल्या लाव्हाचे हे थिजलेले थर. तप्त रसात हाडे-पाने सहसा टिकत नाहीत, म्हणून जीवाश्मांच्या नोंदींत जालन्याचे नाव क्वचितच येते. पण त्यावरून त्या काळी इथे जीवसृष्टी नव्हती असे म्हणता येणार नाही. लाव्हा एका दमात आला नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात माती तयार होई, तळी साचत. अशाच तळ्यांच्या गाळात मुंबईला वरळीत बेडूक मिळाले, नागपूरजवळ टाकळीला गोगलगायी आणि वनस्पती. मग जालन्यातच जीव नव्हते असे मानायला आधार कोणता? फरक इतकाच, की त्यांना जपणारा गाळ इथे आपल्या हाती आलेला नाही.

हा प्रश्न जालन्यापुरता नाही. पृथ्वीवरच्या जैवविविधतेचा आलेख आपण जीवाश्मांवरून काढतो, आणि त्यात आजच्या जवळ येत जाऊ तशा प्रजाती वाढलेल्या दिसतात. जीवाश्मशास्त्रज्ञ डेव्हिड राउप यांनी 1972 साली दाखवून दिले की या वाढीतला काही भाग फसवा असू शकतो. अलीकडचे खडक जास्त शिल्लक आहेत, म्हणून त्यांतले जीवही जास्त सापडतात. टिकण्याची क्षमताही सर्वांची सारखी नसते. शहामृगाचेच पाहा. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे येथे सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीची त्याच्या अंड्यांची कवचे मिळाली, त्यांतल्या एका तुकड्यावर माणसाने नक्षीही कोरली आहे. हाडे मात्र भारतात फार दुर्मिळ. कवच इतके जाड नसते, तर महाराष्ट्रात शहामृग होता हे आपल्याला बहुधा कळलेच नसते. आणि ज्यांना असे कवच नव्हते, असे किती जीव निसटले असतील!

यावर कोणी म्हणेल, मग जीवाश्मांवरचे सगळेच निष्कर्ष सोडून द्यावेत का? मला ते पटत नाही. न सापडण्याचेही दोन प्रकार असतात. बेसाल्टमध्ये हाड नाही, यातून काहीच सिद्ध होत नाही. पण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या काळानंतरच्या ज्या गाळांत सस्तन प्राणी, मगरी, कासवे यांची हाडे भरपूर मिळतात, तिथे जगभर कुठेच पक्ष्यांखेरीज डायनोसॉर मिळत नाहीत. हाड टिकवण्याची क्षमता असलेल्या थरात ते नसणे हा भक्कम पुरावा आहे. म्हणून आलेख काढताना सारख्या गाळाची सारख्याशी तुलना करावी लागते, नमुन्यांची संख्याही समान पातळीवर आणावी लागते. एवढी दुरुस्ती केल्यावरही जीवसृष्टीचे मोठे विनाश आलेखातून पुसले जात नाहीत.

जालन्याला असा बोलका थर अगदीच नाही असेही नाही. अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांच्या कडेने गोदावरी वाहते. याच नदीच्या वरच्या अंगाला, नांदूर मधमेश्वरच्या गाळात मिळालेल्या प्राचीन हत्तीची नोंद भूशास्त्रज्ञ गाय पिलग्रिम यांनी 1905 साली केली आहे. गोदाकाठी खोदकाम करताना दगडासारखे जड हाड लागले, तर ते फोडू नका, घासून धुऊ नका. किती खोल आणि कोणत्या थरात मिळाले ते लिहून ठेवा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.