वस्तरा वेगळा हवा, पण कुणासाठी?

१४ एप्रिलच्या रक्तदान शिबिरात आमच्या थोरल्या भावाने रक्त दिले. काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणे आले. रक्तात हिपॅटायटिस बी निघाला होता. डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. ऑपरेशन झाले होते का? कधी रक्त चढवले होते का? आणि मग आम्हाला अनपेक्षित असा एक प्रश्न आला : दाढी कुठे करता? डोके कुठे भादरता?

आजार कुठून आला हे आज कुणीही सांगू शकत नाही. आमचा कुणावर आरोपही नाही. पण त्या एका प्रश्नाने आम्ही भावंडे थेट गावच्या वस्तीत जाऊन पोचलो.

गावच्या न्हाव्याची धोकटी आमच्या वस्तीत कधी उघडली नाही. पाटलाच्या म्हशी भादरल्या जात, पण आमच्या डोक्याला त्याचा हात लागत नसे. वस्तीतलेच एक आजोबा सगळ्यांची हजामत करीत. रविवारी लिंबाच्या झाडाखाली म्हातारे आणि पोरे ओळीने बसत. वस्तरा एकच. तो चामड्याच्या पट्ट्यावर घासला जाई आणि एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या गालावर जाई. कापले की तुरटी. तीही सगळ्यांना एकच. आम्हा पोरांच्या डोक्यात फोड यायचे, ते उन्हाळ्याचे आहेत असे आई म्हणायची.

पुढे तालुक्याच्या बाजारात आम्हाला खुर्ची मिळू लागली. पण दुकानदाराने खालच्या फळीवर एक वस्तरा आणि एक मळका टॉवेल बाजूला ठेवलेला असे. तो "तुमच्या लोकांचा". म्हणजे वस्तरा वेगळा होता, पण माणसाला नव्हे, जातीला! एका जातीची पन्नास माणसे त्याच पात्याखाली जात. आणि वरच्या फळीवरचा 'शुद्ध' वस्तरा? तोही पाटलाच्या गालावरून वाण्याच्या गालावर तसाच, न धुता. म्हणजे शिवाशिवीने आमचा अपमान केला, आणि ज्यांच्या शुद्धतेसाठी हा खटाटोप होता त्यांनाही वाचवले नाही. विटाळ मानणाऱ्या समाजाला स्वच्छता कळली होती, असे कोण म्हणेल?

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे की साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, द्यायला पैसेही होते, तरी त्यांचे केस थोरली बहीण कापीत असे. म्हणूनच संविधानात अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट झाली आणि अनुच्छेद १५(२) मध्ये दुकानांचा स्पष्ट उल्लेख आला. १९४८ साली संविधान सभेत बाबासाहेबांनी खुलासा केला होता की दुकान म्हणजे फक्त आत पाऊल ठेवण्याचा हक्क नव्हे. जो कुणी आपली सेवा देऊ करतो, तो त्यात येतो. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेपोटी सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने जबरदस्तीने मुंडण करणे, मिशा काढणे ही कृत्येही गुन्हा म्हणून नोंदवली. वस्तरा हे साधे हत्यार नाही, हे कायद्याला कळले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सुरक्षित हजामत म्हणजे काय? आमच्या भाच्याचे तालुक्याला सलून आहे. तो आधी साबणाने हात धुतो. गिऱ्हाईकासमोर ब्लेडचा कागद फाडतो, पाते मधोमध मोडून अर्धे वस्तऱ्यात घालतो. काम झाले की ते पाते जाड प्लॅस्टिकच्या डब्यात जाते, कचऱ्यात नाही. कारण कचरा उचलणारे हातही बहुतेक आपल्याच माणसांचे असतात. डोक्याचा गोटा करायचा तर आधी मशीनने केस बारीक करतो, गरम पाण्याने कातडी मऊ करतो, फेस लावतो आणि केसांच्या वाढीच्या दिशेने हलक्या हाताने पाते चालवतो. मानेवर केसांची दिशा बदलते, तिथे घाई करीत नाही. फोड असेल तर त्यावरून पाते नेत नाही. तुरटीचा सामाईक खडा त्याने बंद केला आहे. टॉवेल प्रत्येकाला धुतलेला. आणि मान कडकन मोडून देणे नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी!

कुणी म्हणेल, एवढे कशाला? हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. पाते नुसते पाण्यात बुचकळून तो मरत नाही. त्याला लस आहे, आणि ती वस्तरा चालवणाऱ्यालाही मिळाली पाहिजे. कारण पाते निसटले तर त्याचेही बोट कापते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आमचे भांडण नाभिक समाजाशी नाही. बलुत्याच्या धान्यावर जगणाऱ्या त्या माणसाने आमच्या डोक्याला हात लावला असता तर गावाने त्यालाच वाळीत टाकले असते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. याच वस्तऱ्याने एकदा ब्राह्मणी रूढीला नकार दिला आहे, हे आपण विसरू नये. पण नव्या पात्याचे पैसे वाचवायचे आणि दाढी स्वस्तात मागायची, हेही चालणार नाही. सुरक्षित कामाला रास्त दाम दिलाच पाहिजे.

शेवटी भावाचे सांगतो. तपासणीनंतर दोन महिने तो कुठल्याच सलूनमध्ये गेला नाही. लहानपणी जातीमुळे बाहेर बसलो, आता आजारामुळे बसायचे, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. आम्ही त्याला ओढतच भाच्याकडे नेले. त्याने दारातच सगळे सांगून टाकले आणि म्हणाला, "माझ्यासाठी वेगळा वस्तरा ठेव."

भाचा म्हणाला, "मामा, तुमच्यासाठी वेगळं काही नाही. इथं सगळ्यांनाच नवं पातं. बसा."

एकाला वेगळे काढून वस्तरा दिला की ती अस्पृश्यता. प्रत्येकाला नवे पाते दिले की ती समता, आणि आरोग्यही तेच. त्यामुळे बंधूंनो, पुढच्या वेळी खुर्चीत बसल्यावर संकोच करू नका. ब्लेडचा कागद आपल्या डोळ्यांसमोर फाडायला सांगा. शेजारच्या खुर्चीतल्या माणसासाठीही सांगा, त्याची जात न विचारता.

जयभीम!